पूर्णविरामाशेजारची तिरपी रेघ

चालू डेटाबेसमध्ये काही बदलायचं असलं की आमचे सर आधी बूट काढायचे. टेबलाखाली जोडीने नीट लावून ठेवायचे, खुर्ची मागे सारायचे आणि उभं राहून एंटरची कळ दाबायचे. मोज्याला अंगठ्यापाशी हमखास भोक. चाकणच्या कंपनीत, काचेच्या केबिनमध्ये, हा उंच वाळका माणूस मोज्यांवर उभा राहून डोळे मिटतोय हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला हसू आवरेना. सर म्हणाले, "हस, हस. एवढ्या माणसांनी लिहून ठेवलंय, त्यावरून चालत जाणार आहोत आपण. निदान बूट तरी बाहेर ठेवावेत." मग मीही चपला काढायला लागले. हळूहळू सगळ्या खोलीला ती खोड लागली आणि बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, आत कुणी सत्यनारायण घातलाय.

आमचं काम सांगायला सोपं होतं. कंपनीच्या कॉम्प्युटरात वर्षानुवर्षं साठलेला मजकूर धड ठेवायचा. लोक काय वाट्टेल ते टाइप करतात. कुणी नावामागे चांदण्या लावतं, कुणी कुठूनतरी उचलून आणलेला मजकूर चिकटवतं आणि त्याच्याबरोबर वाकडी अवतरणचिन्हं येतात, कुठे नुसत्या चौकटी दिसतात. ही भलतीसलती चिन्हं शोधायची आणि त्यांच्या जागी योग्य ते घालायचं. त्याला एका ओळीची आज्ञा पुरते. ती हजारो नोंदींवरून एका झटक्यात फिरते, आणि चुकली तर तेवढ्याच झटक्यात सगळ्याचा बट्ट्याबोळ करते.

सर त्या चिन्हांना पाहुणे म्हणायचे. बाकी सगळी दुनिया त्यांना 'जंक' म्हणते. हा शब्द खोलीत कुणी उच्चारला की सर त्या माणसाशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलायचे नाहीत. मग डबा उघडताना स्वतःच अबोला सोडायचे आणि आपल्यातली शेंगदाण्याची चटणी त्याच्या पोळीवर वाढायचे. त्यांचं म्हणणं एकच असायचं. आलेल्याला दारातून हाकलायचं नाही, आधी विचारायचं कुठून आलात. "आधी बघ, मग पूस," हे तर दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की आम्ही त्यांच्या पाठीमागे नकला करायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मी रंगात येऊन नक्कल करत होते आणि ते दारात उभे. म्हणाले, "हात अजून थोडा वर ने. मी असा नेतो."

माणसांना नावाने हाक मारणं त्यांना जमायचं नाही. लॉगिनचा नंबर तेवढा लक्षात राहायचा. मी 'सात नंबर'. पहिले काही दिवस मला राग यायचा, तुरुंगात असल्यासारखं वाटायचं. आता कुणी तशी हाक मारली तर मी रडेन.

त्यांच्या कीबोर्डवर डिलीटची कळ नव्हती. त्यांनी ती स्क्रूड्रायव्हरने उचकटून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. अगदीच गरज पडली तर काढायचे, जागेवर बसवायचे, दाबायचे आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये. तेवढ्या वेळात माणसाला दुसरा विचार सुचतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सर निवृत्त होताना स्टोअरच्या माणसाने कीबोर्ड परत घेताना एक कळ कमी म्हणून हुज्जत घातली. सर म्हणाले, लिहा, हरवली. खरं तर ती त्यांनी मला दिली, आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक वाकडी लोखंडी पट्टी असायची. तिची कथा नव्या माणसाला ऐकावीच लागे. कुणा हुशाराने ड्रॉइंगच्या सूचनांमधली अंशाची खूण, ते आकड्याच्या डोक्यावरचं बारीक वर्तुळ, भलतं चिन्ह म्हणून सरसकट पुसलं. खाली कारखान्याच्या शॉपमध्ये चिठ्ठी गेली ती नुसता आकडा घेऊन. तिथल्या माणसाने तो मिलिमीटर समजून पट्ट्या वाकवल्या. सर त्यातली एक उचलून घेऊन आले. पट्टी हातात देऊन सांगायचे की ही बघ, एका पाहुण्याला हाकलल्यावर असं होतं.

माझं घर पिंपरीत. आम्ही मूळ परभणीकडचे. बाबा तरुणपणी इकडे आले, याच कंपनीच्या जुन्या कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे दाबून घडवायच्या खात्यात, लागले. तो कारखाना तेव्हा पिंपरीत होता, चाकणला नंतर गेला. बाबा सेकंड शिफ्टचे सुपरवायझर झाले आणि सेकंड शिफ्टलाच राहिले. मी शाळेला निघायचे तेव्हा ते झोपलेले, मी यायचे तेव्हा ते कामावर. गुरुवार तेवढा आमचा, कारण आमच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. पण गुरुवारी मला शाळा. मुळात माणूस कमी बोलणारा. मी डिप्लोमाला असताना ते गेले. बापाचा आवाज कसा होता असं कुणी विचारलं तर मला खोकला आठवतो आणि 'हं' आठवतं. बास. त्याच कंपनीत कंत्राटावर का होईना मला काम लागलं, तेव्हा आईने त्यांच्या फोटोसमोर पेढा ठेवला होता.

असं सगळं चाललेलं असताना हेड ऑफिसने ठरवलं की जुनी सिस्टिम बंद, नवी चालू. सगळा जुना डेटा नव्यात न्यायचा. नेताना इंग्रजी-मराठी अक्षरं, आकडे आणि पूर्णविराम-स्वल्पविराम सोडून बाकीची सगळी चिन्हं पुसायची, नव्या सिस्टिमला ती चालत नाहीत. मग जुन्या कारखान्यातलं एक टेबल उघडलं गेलं. त्यात शिफ्टच्या नोंदी होत्या. पाळी संपली की सुपरवायझरने पुढच्या पाळीसाठी चार ओळी लिहून ठेवायच्या, कुठलं मशीन कसं चाललंय, काय बिघडलंय, कशावर लक्ष ठेवायचं. याला चार्ज देणं म्हणतात. पण त्या टेबलात सगळा चिखल दिसत होता. टोपी घातलेले ओ, शेपटीचे सी, पौंडाची खूण, खंजीर, अर्ध्याची खूण, एकाला एक चिकटून. हेड ऑफिसच्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि हसून म्हणाले, हे तर सगळं जंकच आहे, उडवून टाका.

सरांनी आमच्याकडचा आवाज बंद केला, पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि त्या चिखलावर बोट ठेवून वाचायला लागले. "तीन नंबर प्रेस आवाज करते आहे. ग्रीस मारले आहे. सकाळच्या पाळीने बघावे." आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

ते डोकं फिरणं नव्हतं. तारुण्यात सर पिंपरी कॅम्पात एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचे. तेव्हाच्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हती. मग मराठी फाँट असे असायचे की आत साठवायचं इंग्रजीच्या कोपऱ्यातलं एखादं चिन्ह, आणि वर पडद्यावर काढायचा क किंवा काना. फाँट असेपर्यंत सगळं ठीक. फाँट गेला की खालचं नागडं चिन्ह दिसतं. गिऱ्हाइकाच्या फायली नेहमी अशाच फाँटाविना यायच्या, आणि सर नुसत्या डोळ्यांनी त्यातून नवरा-नवरीची नावं वाचायला शिकले. या टेबलातल्या नोंदीही त्याच फाँटातल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्याही अंगी नसलेली ही विद्या, आणि तिचा उपयोग एवढी वर्षं कुणाला झाला नव्हता.

त्यांनी खाली खाली वाचत नेलं. मी नोंदीच्या शेजारचा रकाना बघत होते. तिथे लिहिणाऱ्याचा टोकन नंबर असायचा, साध्या आकड्यात. त्यातला एक आकडा मला पाठ होता. लहानपणापासून तो आमच्या घरी डब्याच्या झाकणावर लाल रंगाने लिहिलेला होता. मी म्हटलं, "सर, ही ओळ वाचा. ही माझ्या बाबांची आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्ची ओढून घेतली, बूट काढले आणि वाचलं. पाच नंबरला ऑइल गळते आहे. फडके बांधले आहे. नवीन मुलगा आहे, त्याला एकट्याला लावू नये, हात जपावा म्हणून दोनदा सांगावे. पाळी संपली. मशीन चालू आहे. चार्ज घ्यावा. मला माझ्या बापाची एवढी वाक्यं एका दमात कधी ऐकायला मिळाली नव्हती.

मग सरांनी आवाज चालू केला आणि साहेबांना सांगितलं की हे पुसता येणार नाही, हे मराठी आहे. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने विचारलं, बंद पडलेल्या कारखान्यातल्या, भंगारात गेलेल्या मशीनच्या या नोंदी कोण वाचणार आहे? सर एवढंच म्हणाले, "वाचेल कुणी की नाही ते मला माहीत नाही. पण माझ्या हाताने पुसणार नाही." बोलणं ताणलं गेलं. शेवटी साहेब म्हणाला, दिवाळीपर्यंत पुसायची आज्ञा थांबवतो. तोवर काय दुरुस्त करायचंय ते स्वतःच्या वेळात करा, त्यानंतर आहे त्या स्थितीत आज्ञा चालणार. सर दिवाळीनंतर निवृत्तच होणार होते.

म्हणून आम्ही गुरुवारी यायला लागलो. सर देहूरोडहून स्कूटरवर, मी नाशिक फाट्यावर मिळेल ती बस पकडून. रिकाम्या कंपनीत वॉचमन, आम्ही आणि सरांच्या खिशातले शेंगदाणे. काम असं की प्रत्येक पाहुण्याला त्याचं घर शोधून द्यायचं. हे चिन्ह म्हणजे क, हे म्हणजे अर्धा स, हे म्हणजे वेलांटी. पहिल्यांदा आज्ञा चालवली ती नोंदींच्या नकलेवर, आणि पार लापशी झाली. काही अक्षरं दोन चिन्हं मिळून व्हायची, आणि आम्ही एकेकट्या चिन्हांना आधी बदलून त्या जोड्या फोडून टाकल्या होत्या. सर पोट धरून हसले. म्हणाले, लग्नात आधी जोडीने आलेल्यांना बसवायचं असतं, एकटेदुकटे मागाहून. मूळ नोंदी शाबूत होत्या, त्यामुळे नक्कल टाकून दिली आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्या गुरुवारांत सर मला ती चिन्हं वाचायला शिकवत होते. आधी मी अडखळत होते, मग शब्द दिसायला लागले. कागद बाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून बाबांच्या नोंदी पाठ करायचे आणि बसमध्ये पुटपुटत घरी यायचे. आई पोळ्या लाटत ऐकायची. बाबांनी कुणाला सांभाळून घ्या म्हटलंय, कुणाची बायको बाळंत झाली म्हणून त्याला लवकर सोडलंय, कॅन्टीनची भाजी आंबलीय, खाऊ नका. एकदा तिने लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "एवढं बोलायचे गं तिकडं? घरी तर 'हं'च्या पुढं गाडी जात नव्हती." आणि पदर डोळ्याला लावून बसली. पुढच्या गुरुवारी सकाळी मला उठवायला तीच आली, आज नवीन काय लिहिलंय ते नीट ध्यानात ठेव म्हणाली.

शेवटी शेवटी सगळ्या चिन्हांना घर मिळालं, एक सोडून. एक तिरपी रेघ होती, '/' अशी. नोंद संपली, पूर्णविराम आला की लगेच ही. तिचं कुठलंच अक्षर होत नव्हतं. बाकी कुणाच्या नोंदीत नाही, फक्त बाबांच्या, आणि त्यांच्या प्रत्येक नोंदीत. सरांनी छापखान्याच्या आठवणी उकरल्या, फाँटाचा जुना तक्ता मिळवला, काही उपयोग नाही. मी म्हटलं की सर, ही राहू दे, पुसून टाकू. एका रेघेने काय होतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शेंगदाणे निवडायला लागले.

"आधी बघ," ते म्हणाले. "तुझे बाबा टाइप कसे करायचे?"

बाबांना टाइप करताना मी कशाला पाहिलेलं असणार. पण मी डोळे मिटले आणि मला त्यांचा हात दिसला. ताटातला घास घेणारा, उजवा. तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. माझ्या जन्माआधी प्रेसमध्ये गेलेलं. त्या बोटाने त्यांना काही दाबता यायचं नाही. टीव्हीचा रिमोटसुद्धा ते मधलं बोट आडवं टाकून दाबायचे, आणि दरवेळी शेजारचं बटण दाबलं जाऊन आवाज वाढायचा, आई ओरडायची. मी डोळे उघडून कीबोर्डकडे पाहिलं. पूर्णविरामाला खेटूनच ती तिरप्या रेघेची कळ. मी मधलं बोट आडवं टाकलं. पडद्यावर पूर्णविराम उमटला आणि त्याच्यामागे रेघ.

मी तर्जनी दुमडून दाखवली, पेर नसलेलं बाबांचं बोट कसं असायचं ते. सरांना कळलं. ते उठून खिडकीपाशी गेले, चष्मा पुसत राहिले. मग परत येऊन म्हणाले, "ही बदलायची नाही. हिचं अक्षर नसेना का. ही तुझ्या बाबांबरोबर आलीय, त्यांच्याबरोबरच राहील." नव्या सिस्टिमला ती रेघ पटवण्यासाठी त्यांनी हेड ऑफिसशी आणखी दोन आठवडे डोकेफोड केली. अर्जात कारण म्हणून काय लिहिलं होतं ते मी वाचलंय. लिहिलं होतं, कर्मचाऱ्याची सही.

दिवाळीआधीच्या शेवटच्या गुरुवारी सरांनी बूट काढले, खुर्ची मागे सारली आणि मला पुढे उभं केलं. एंटर तू दाब म्हणाले. मी दाबलं. चिखल गेला आणि नोंदींमागून नोंदी साध्या मराठीत उभ्या राहिल्या, कुणालाही वाचता येतील अशा. बाबांच्या नोंदीपुढे त्यांची रेघ. पुसायची आज्ञा पुढे आली तेव्हा पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. सर उभ्या उभ्या माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की आता हे वाचायला माझी गरज नाही. त्या क्षणी मला आनंदच झाला होता. त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा बोचायला लागला.

ते निवृत्त होऊन देहूरोडच्या घरी गेले आणि आमचा एक खेळ सुरू झाला. त्या जुन्या चिन्हांतच एकमेकांना निरोप पाठवायचे. बाजूला बसणाऱ्यांना वाटायचं माझा फोन बिघडलाय. दुपारी ते विचारायचे, डब्यात काय? मी लिहायचे, मेथी. कधी नवीन साहेबाची उणीदुणी, कधी नुसतं 'पाऊस'. अख्ख्या चाकण-पिंपरीत ते वाचू शकणारी माणसं दोनच. मला त्याची केवढी मिजास होती.

मग त्यांचं पोट बिघडलं म्हणता म्हणता ते दवाखान्यात गेले आणि तिथेच खिळले. मी भेटायला गेले की डोळ्यांनी पायांकडे खूण करायचे, चपला बाहेर काढल्यास ना. बोलायची ताकद कमी होत चालली होती. शेवटचा निरोप आला तो एका गुरुवारी सकाळी. चिन्हांची एक बारीकशी ओळ. मी पिंपरीच्या बसथांब्यावर उभी राहून वाचली.

"सात नंबर. पाळी संपली. मशीन चालू आहे. चार्ज घ्यावा. /"

ती रेघ त्यांनी मुद्दाम टाकली होती. त्यांची दहाही बोटं शाबूत होती. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला.

आता जुन्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये आहेत, शोधल्या की सापडतात, कुणीही वाचावं. कुणी वाचत नाही, साहेब म्हणाला होता तसंच. मी वाचते. पण त्या चिखलावर बोट ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, माझ्या बापाला माझ्यासमोर बोलतं करणारा आवाज कुठून आणू? बाबांची आठवण आली तर वाचायला नोंदी आहेत. सरांची आली, आणि फार येते, तर मी काय उघडू?

गुरुवारी कंपनी बंद असते. मी घरीच कॉम्प्युटर उघडते, त्यावरून सरांच्या जुन्या फोन नंबरावर जाते आणि आता जगात माझ्याशिवाय कुणालाच वाचता येणार नाहीत अशा त्या चिन्हांत एक ओळ लिहिते, चार्ज घेतला. मग मधलं बोट आडवं टाकून पूर्णविराम देते. शेजारची रेघ आपोआप उमटते.